छेदात कोणाला धरायचे?

निकालाच्या दिवशी शाळेच्या फळ्यावर एक आकडा लिहिला जातो. शेकडा ब्याऐंशी, शेकडा सत्त्याण्णव. शिक्षकांना, पालकांना, संस्थाचालकांना या आकड्याची इतकी सवय झालेली असते की तो मुळात पाचवी-सहावीतला साधा अपूर्णांक आहे याचा विसर पडतो. अंशस्थानी उत्तीर्ण झालेली मुले, छेदस्थानी परीक्षेस बसलेली मुले. गावात चर्चा होते ती अंशाची. छेदाची चौकशी सहसा कोणी करीत नाही. आठवीत ज्यांची नावे हजेरीपटावर होती आणि दहावीच्या यादीत जी दिसत नाहीत, ती मुले या अपूर्णांकात वरही नसतात आणि खालीही नसतात.

या लेखात आम्ही एका छेदाचाच इतिहास सांगणार आहोत. तो आहे अमेरिकेतला, तिथल्या कम्युनिटी कॉलेजांतील व्यवसाय शिक्षणाचा. एवढ्या दूरची गोष्ट सांगण्याचे कारण असे की मोजमापाचा हा प्रश्न तिथे शंभर वर्षे उघडपणे चर्चिला गेला, त्यावर कायदे झाले, भांडणे झाली, उत्तम संशोधनही झाले. आणि तरीही तो सुटला असे म्हणता येत नाही.

प्रथम ही कॉलेजे म्हणजे काय ते पाहू. आपल्याकडे ज्युनियर कॉलेज म्हटले की अकरावी-बारावी डोळ्यांसमोर येते. अमेरिकेतले कम्युनिटी कॉलेज हे बारावीनंतरचे, दोन वर्षांचे, बहुतांशी सरकारी पैशावर चालणारे. फी कमी आणि दार सर्वांना उघडे. एकाच आवारात दोन प्रकारचे शिक्षण चालते. काही विद्यार्थी इथे दोन वर्षे काढून विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला जातात. इतर काही नर्सिंग, वेल्डिंग, मोटार दुरुस्ती, वातानुकूलन, अग्निशमन, बालसंगोपन असे कामाचे शिक्षण घेतात. आयटीआय, तंत्रनिकेतन आणि रात्रमहाविद्यालय एकाच छपराखाली आणले तर जे होईल, तसे काहीसे. विद्यार्थ्यांत बहुसंख्य अर्धवेळ शिकणारे. अठरा वर्षांच्या मुलाशेजारी पंचेचाळीस वर्षांचा बाप्या बसलेला दिसतो.

आता समजा, अशा एका कॉलेजात वेल्डिंगचा संध्याकाळचा वर्ग आहे आणि त्यात दहा जण आहेत. वर्ग काल्पनिक आहे, पण असे वर्ग तिथे जागोजाग भरतात. दहांपैकी तिघे नुकतीच शाळा संपवून आलेली मुले. कॉलेजात प्रथमच नाव घातलेले, पूर्णवेळ शिकणारे, दोन वर्षांच्या पदवीसाठी आलेले. त्यांतला एक तीन वर्षांत पदवी पूर्ण करतो आणि कारखान्यात लागतो. दुसऱ्याला दोन सत्रांनंतर नौदलाच्या गोदीत चांगली नोकरी मिळते; तो पदवी सोडून देतो. तिसरा पहिल्या सत्रातच गणितात अडकतो, घरची ओढाताण असतेच, आणि दोन महिन्यांत यायचा बंद होतो. उरलेल्या सातांपैकी चार जण आधीपासूनच वेल्डर आहेत. त्यांना स्टेनलेस स्टीलचे वेल्डिंग शिकायचे आहे, ज्याला आपल्याकडे कारखान्यात आर्गॉन वेल्डिंग म्हणतात. एक विषय घेतात, उत्तम पास होतात, पगार वाढतो, परत फिरकत नाहीत. दोघे बंद पडलेल्या कारखान्यातले चाळिशी उलटलेले कामगार. दोघेही वर्षभराचे प्रमाणपत्र अर्धवेळ शिकून मिळवतात. एकाला नोकरी लागते, दुसरा स्वतःचे दुकान टाकतो. दहावी एक निवृत्त शिक्षिका आहे. तिला बागेत ठेवायला लोखंडी मोर करायचा आहे.

हा वर्ग यशस्वी झाला की नाही? वाचकांनी क्षणभर थांबून आपापले उत्तर टक्क्यांत ठरवावे. पुढे या वर्गाकडे आपण पुनःपुन्हा येणार आहोत.

इतिहासाची सुरुवात १९०१ साली इलिनॉय राज्यातील जोलिएट या गावी होते. तिथल्या हायस्कूलचे प्रमुख जे. स्टॅन्ली ब्राउन आणि शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर या दोघांच्या कल्पनेतून शाळेतच कॉलेजचे पहिले वर्ग सुरू झाले. विद्यार्थी होते सहा. हेतू एकच, घराजवळ दोन वर्षे शिकून पुढे विद्यापीठात जाता यावे. सहा विद्यार्थी आणि एक हेतू असला की मोजमापाचा प्रश्न उद्भवतच नाही. कोण कुठे गेले ते मुख्याध्यापकांना तोंडपाठ असते.

व्यवसाय शिक्षणाचा प्रवाह वेगळ्या वाटेने आला. १९१७ मध्ये स्मिथ-ह्यूज कायद्याने शेती, गृहशास्त्र आणि कारागिरीचे धंदे शिकवण्यासाठी केंद्र सरकारचा पैसा राज्यांना मिळू लागला. त्या कायद्यातली एक अट मोठी बोलकी आहे: हे शिक्षण कॉलेजपेक्षा खालच्या दर्जाचे असले पाहिजे. म्हणजे हाताच्या कामाचे शिक्षण कोणत्या पायरीवर बसायचे ते कायद्यानेच सांगून टाकले. पैसा दिला की हिशेब आलाच. पण तो हिशेब होता किती शाळा, किती शिक्षक, किती विद्यार्थी यांचा. आमच्या वेल्डिंगच्या वर्गाचे उत्तर या पट्टीवर दहा. शिक्षिका आणि तिचा मोरही त्यात आला.

ज्युनियर कॉलेजांनी हळूहळू व्यवसाय शिक्षण आपल्यात घेतले. त्या काळातील या क्षेत्राचे एक मोठे अभ्यासक वॉल्टर क्रॉस्बी ईल्स. त्यांच्या १९४१ सालच्या पुस्तकाच्या नावातच ‘टर्मिनल’ हा शब्द आहे. टर्मिनल शिक्षण म्हणजे ज्याच्यापुढे गाडी जात नाही असे शिक्षण, शेवटचे स्थानक. शब्द वाईट हेतूने वापरलेला नव्हता. विद्यापीठात जाण्याची इच्छा सांगणारे पुष्कळ आणि प्रत्यक्ष जाणारे थोडे, हे तेव्हाच्या पाहण्यांतून दिसत होते. मग उरलेल्यांसाठी काही नीट शिक्षण असावे, असा विचार होता. पण ज्याला आपण शेवटचे स्थानक म्हणतो, तिथे उतरलेला प्रवासी पुढे कुठे गेला हे पाहायला कोणी जात नाही.

१९४७ मध्ये अध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या आयोगाने कम्युनिटी कॉलेज हे नाव रूढ केले. युद्धावरून परतलेल्या सैनिकांना शिक्षणासाठी पैसे देणारा कायदा १९४४ मध्येच झाला होता, त्यामुळे कॉलेजे भरत चालली होती. १९६० च्या दशकात तर साडेचारशेहून अधिक नवी सरकारी कम्युनिटी कॉलेजे निघाली, म्हणजे सरासरी काढली तर दर आठ दिवसांना एक. याच सुमारास, १९६० साली, समाजशास्त्रज्ञ बर्टन क्लार्क यांनी कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथील कॉलेजाचा अभ्यास करून एक अस्वस्थ करणारी गोष्ट मांडली. विद्यापीठाचे स्वप्न घेऊन आलेल्या मुलांना ही कॉलेजे चाचण्या, सल्ला, समजूत यांच्या मार्गाने हळूहळू व्यवसाय अभ्यासक्रमाकडे वळवतात, आणि आपण हरलो असे त्यांना वाटूही देत नाहीत. क्लार्क यांचे म्हणणे खरे असेल तर वेल्डिंगमध्ये उत्तम नोकरी मिळवलेला विद्यार्थीसुद्धा एका अर्थी पराभूत ठरतो. यश मोजायचे तर आधी त्याला काय हवे होते ते विचारले पाहिजे, हा मुद्दा तेव्हापासून वादात आला तो आजतागायत.

शिकून बाहेर पडलेल्यांचे पुढे काय झाले, हे विचारायला केंद्र सरकारने खऱ्या अर्थाने सुरुवात केली १९७६ च्या कायद्यात. अभ्यासक्रम पूर्ण केलेले आणि मध्येच सोडलेले, दोघांनाही शिकलेल्या विषयातील काम मिळाले का, आणि मालकांना ते तयार वाटतात का, हे राज्यांनी तपासावे असे ठरले. हेतू फार चांगला. साधन मात्र पोस्टाने पाठवायची प्रश्नावली. ज्याचे बरे चालले आहे तो उत्तर लिहितो. जो भाडे न भरता आल्याने घर बदलून गेला, त्याचे पाकीट ‘पत्ता सापडत नाही’ असा शिक्का घेऊन परत येते. हाती येतो तो निकाल, पण उत्तर देणाऱ्यांचा. छेद पुन्हा निसटला.

यावर तोडगा काढला फ्लोरिडाने, १९८० च्या दशकात, आणि तो इतका हुशारीचा आहे की तो जरा सविस्तर पाहू. अमेरिकेत १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्यापासून बेकारी विम्याची पद्धत आहे. तिच्यासाठी प्रत्येक मालक दर तीन महिन्यांनी राज्य सरकारला कळवतो की आपल्याकडे कोणत्या क्रमांकाच्या कामगाराला या तिमाहीत किती वेतन दिले. हा क्रमांक सामाजिक सुरक्षेचा, आणि तोच कॉलेजच्या नोंदवहीतही असायचा. फ्लोरिडाने या दोन याद्या एकमेकींशी जुळवल्या. ना प्रश्नावली, ना पोस्टाचा खर्च. विद्यार्थी उत्तर देतो की नाही याची चिंताच उरली नाही. पुढे बहुतेक राज्यांनी हीच वाट धरली.

कोणतेही उपकरण काय दाखवते यापेक्षा त्याला काय दिसत नाही हे आधी शिकावे, असे आपण प्रयोगशाळेत मुलांना सांगतो. वेतनाच्या या नोंदींना पुष्कळ गोष्टी दिसत नाहीत. स्वतःचे दुकान टाकलेला आपला वेल्डर त्यांत नाही. त्याला कोणी वेतन देत नाही, म्हणून त्याची कमाई शून्य. शेजारच्या राज्यात कामाला गेलेला नाही. सैन्यात गेलेला नाही. केंद्र सरकारचा नोकरही नाही, कारण त्याची नोंद राज्याकडे नसते. वॉशिंग्टन राज्यात ब्रेमर्टन येथे नौदलाची प्रचंड गोदी आहे. तिथे वेल्डर, फिटर मोठ्या संख्येने लागतात आणि ते केंद्राचे नोकर असतात. म्हणजे पदवी सोडून गोदीत गेलेला आपला मुलगा राज्याच्या यादीत शोधला तर बेकार दिसणार! पुढे काही राज्यांनी केंद्राच्या नोंदींशी पडताळा घेण्याची वेगळी सोय केली, पण मूळ उपकरणातला दोष हा असा. आणखी एक उणीव अशी की बहुतेक राज्यांत या नोंदींत कामाचे तास नसतात आणि कामाचे नावही नसते. फक्त मालकाचा धंदा कळतो. इस्पितळात हिशेब लिहिणारा आणि इस्पितळातली परिचारिका, दोघेही ‘आरोग्य क्षेत्र’.

मग आले १९९० हे वर्ष. या एका वर्षात दोन मोजपट्ट्या जन्माला आल्या.

पहिली पर्किन्स कायद्याची. केंटकीचे लोकप्रतिनिधी कार्ल पर्किन्स यांच्या नावाने १९८४ मध्ये व्यवसाय शिक्षणाचा नवा कायदा झाला होता. १९९० च्या दुरुस्तीने प्रत्येक राज्याने कामगिरीची मापे आणि दर्जे ठरवावेत अशी सक्ती आली. १९९८, २००६ आणि २०१८ मध्ये हा कायदा पुन्हा पुन्हा घडवला गेला. २००६ मध्ये ‘व्होकेशनल’ हा शब्द जाऊन ‘करिअर अँड टेक्निकल एज्युकेशन’ असे नाव आले.

दुसऱ्या पट्टीची जन्मकथा गमतीची आहे. विद्यार्थ्यांचा जाणण्याचा हक्क अशा नावाचा एक कायदा १९९० मध्ये झाला. त्यामागे प्रेरणा होती ती खेळाडूंची. मोठी विद्यापीठे बास्केटबॉल आणि फुटबॉल खेळणाऱ्या मुलांना शिष्यवृत्त्या देऊन आणतात, खेळवून घेतात, पण त्यांच्यातले पदवीधर किती होतात? हा प्रश्न लावून धरणाऱ्यांत सिनेटर बिल ब्रॅडली होते, स्वतः एके काळचे नामांकित बास्केटबॉलपटू. प्रश्न योग्यच होता. त्यासाठी ठरवलेली पट्टी अशी: प्रथमच कॉलेजात आलेले, पूर्णवेळ शिकणारे, पदवी किंवा प्रमाणपत्रासाठी नाव घातलेले विद्यार्थी घ्यायचे, आणि त्यांतल्या किती जणांनी नेहमीच्या मुदतीच्या दीडपट काळात शिक्षण पूर्ण केले ते पाहायचे. चार वर्षांच्या पदवीला सहा वर्षे. विद्यापीठातील अठरा वर्षांच्या खेळाडूला ही पट्टी ठीक बसते. पण कायदा सर्वच कॉलेजांना लागू झाला आणि दोन वर्षांच्या कॉलेजांना त्रैराशिकाने तीन वर्षे मिळाली.

आपल्या वेल्डिंगच्या वर्गाला ती लावून पाहा. दहांपैकी सात जण छेदात येतच नाहीत, कारण ते अर्धवेळ आहेत किंवा पदवीसाठी आलेलेच नाहीत. छेद तीन, अंश एक. निकाल ३३ टक्के. खरोखरच देशभरातील सरकारी कम्युनिटी कॉलेजांचा या पट्टीवरचा निकाल सुमारे २० ते ३० टक्क्यांच्या घरात राहत आला. वर्तमानपत्रांनी तो छापला, आमदारांनी भाषणांत वापरला. दहापैकी सात जण नापास करणारी कॉलेजे, असे चित्र उभे राहिले. ज्या कॉलेजांत गरीब, नोकरी करणारे, मुलेबाळे असलेले विद्यार्थी सर्वांत जास्त, त्यांनाच ही पट्टी सर्वांत कमी बसत होती. २००८ च्या कायद्याने नेमलेल्या समितीने २०११ मध्ये यावर बोट ठेवले आणि २०१५-१६ पासून अर्धवेळ व इतर कॉलेजांतून आलेल्या विद्यार्थ्यांचीही वेगळी मोजणी केंद्राने सुरू केली. त्याच २००८ च्या कायद्याने, खासगीपणाच्या काळजीपोटी, एकेका विद्यार्थ्याची देशव्यापी नोंद ठेवण्यास मात्र केंद्राला मनाई केली. ही काळजी आम्हाला अनाठायी वाटत नाही. पण तिच्यामुळे राज्याची हद्द ओलांडून गेलेला माणूस पुन्हा धूसर झाला, हेही खरे.

पट्टीला पैसा जोडला की काय होते, त्याचा धडा शेजारच्याच क्षेत्रात मिळाला होता. १९८२ च्या रोजगार प्रशिक्षण कायद्याखाली बेकारांना शिकवणाऱ्या केंद्रांना, बाहेर पडणाऱ्यांपैकी किती जण कामाला लागले यावर बक्षिसी मिळे. केंद्रांनी दोन युक्त्या शोधल्या. एक म्हणजे ज्यांना तसेही काम मिळाले असते असे उमेदवार निवडून घेणे. दुधावरची साय काढून घेण्याला तिकडेही हेच नाव आहे. दुसरी युक्ती अधिक बारीक. उमेदवाराचे नाव पटावरून केव्हा कमी करायचे हे ठराविक मुदतीत केंद्राच्या हाती होते. काम लागले की त्याच दिवशी नाव कमी. नाही लागले तर थांबा, कदाचित लागेल. पास्कल कूर्टी आणि जेरल्ड मार्श्की या अर्थशास्त्रज्ञांनी २००४ च्या लेखात हा तारखांचा खेळ आकडेवारीने उघड केला. मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड कॅम्पबेल यांनी १९७६ मध्येच बजावले होते की एखाद्या आकड्यावर जितके जास्त निर्णय अवलंबून ठेवाल तितका तो आकडा भ्रष्ट होईल, आणि ज्या कामाचे तो माप घेतो ते कामही बिघडेल. निकाल सांभाळण्यासाठी कच्च्या मुलाला सतरा नंबरचा अर्ज भरायला लावणाऱ्या शाळा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना कॅम्पबेल समजावून सांगण्याची गरज नाही.

इथपर्यंत आपण ‘नंतर काय झाले’ एवढेच मोजत होतो. पण शिक्षणाचा परिणाम म्हणजे नंतरची कमाई नव्हे; शिक्षण नसते तर जी असती तिच्याशी तुलना केल्यावर उरणारा फरक. हा फरक मोजणे किती अवघड आहे, ते ऑर्ले अशेनफेल्टर यांनी १९७८ मध्ये दाखवले. प्रशिक्षणाला आलेल्या कामगारांची आधीच्या वर्षांची कमाई त्यांनी आलेखावर मांडली, तेव्हा प्रशिक्षणाच्या अगदी आधी एक खड्डा दिसला. त्यात नवल नाही. माणूस शिकायला येतो तोच मुळी नोकरी गेल्यावर, कमाई घसरल्यावर. ताप सर्वांत जास्त चढतो त्या दिवशी आपण डॉक्टरकडे जातो. दुसऱ्या दिवशी तो एरवीही उतरला असता, पण श्रेय मिळते औषधाला. आपल्या वर्गातला कारखाना बंद पडलेला कामगार घ्या. बेकारीच्या तिमाहीशी तुलना केली तर त्याची कमाई प्रचंड वाढली. कारखाना चालू असतानाच्या पगाराशी तुलना केली तर ती कदाचित घटली. एकच माणूस, एकच वेतन. निष्कर्ष मात्र एकमेकांविरुद्ध.

यातून मार्ग काढणारे काम जेकबसन, लालोंड आणि सलिव्हन या तिघांनी वॉशिंग्टन राज्याच्या नोंदींवर केले. १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात नोकरी गेलेले कामगार त्यांनी घेतले आणि कम्युनिटी कॉलेजात गेलेल्यांची तुलना न गेलेल्यांशी, दोघांचाही अनेक वर्षांचा वेतन-इतिहास लक्षात घेऊन केली. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा: वर्षभराच्या शिक्षणाने दीर्घकालीन कमाई पुरुषांची सुमारे ९ टक्के आणि स्त्रियांची सुमारे १३ टक्के वाढते. पण या सरासरीच्या पोटात फार मोठा फरक दडलेला होता. तांत्रिक स्वरूपाचे व्यवसाय विषय आणि गणित-विज्ञान शिकलेल्यांत ही वाढ पुरुषांत १४ तर स्त्रियांत २९ टक्के. बाकीच्या विषयांत अत्यल्प, कदाचित शून्य. ‘कम्युनिटी कॉलेज उपयोगी आहे का’ हा प्रश्नच चुकीचा ठरला. काय शिकलात, हे विचारायला हवे होते.

शुद्ध प्रयोगाच्या जवळ जाणारी संधी नर्सिंगने दिली. कॅलिफोर्नियात या अभ्यासक्रमाला जागा थोड्या आणि अर्ज पुष्कळ, म्हणून काही ठिकाणी चिठ्ठ्या टाकून प्रवेश देत. चिठ्ठी निघाली ते आणि न निघाली ते, यांच्यात सुरुवातीला हुशारीचा वा परिस्थितीचा फरक नाही. फरक फक्त नशिबाचा. मिशेल ग्रोस यांनी तिथल्या एका मोठ्या कॉलेजातील अशा सोडतींचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध केला. अभ्यासक्रम पूर्ण केल्याने कमाई सुमारे ४४ टक्क्यांनी वाढते असे त्यात निघाले. शेतीच्या प्रयोगात वाफे चिठ्ठीने निवडतात, तेच तत्त्व इथे प्रवेशखिडकीवर आयते सापडले.

आता त्या चार वेल्डरांकडे येऊ. एक विषय घेऊन पसार झालेले हे लोक कोणत्याच पट्टीवर विद्यार्थी म्हणून उभे राहत नव्हते. नोंदीत ‘पदवी न घेता गेले’ एवढेच. कॅलिफोर्नियातील विद्यार्थ्यांच्या नोंदी चाळताना संशोधक पीटर रायली बार यांना एक विचित्र गट दिसला. दोन-चार विषय घेणारे, जवळजवळ सगळ्यांत उत्तीर्ण होणारे, आणि निघून जाणारे. गळतीची मुले अशी नसतात. ती नापास होत होत गळतात. या गटाला ‘कौशल्य वाढवणारे’ असे नाव मिळाले. २०१३ मध्ये कॅथी बूथ आणि बार यांनी या वाटांवर लक्ष वेधणारा अहवाल लिहिला. वेतनाच्या नोंदी जोडल्यावर दिसले की अनेक व्यवसाय विषयांत यांची कमाई खरोखर वाढते. अखेर २०१६ मध्ये कॅलिफोर्नियाने आपल्या कॉलेजांच्या प्रगतिपुस्तकात या गटाची वेतनवाढ हा वेगळा रकाना घातला. वर्षानुवर्षे नापास म्हणून मोजलेली माणसे एका रकान्याने पास झाली. माणसे तीच होती.

मग वेतन हीच खरी पट्टी मानायची का? टेक्सासने तेही करून पाहिले. तिथल्या सरकारी तंत्रशिक्षण कॉलेजाला मिळणारे राज्य अनुदान गेल्या दशकात माजी विद्यार्थ्यांच्या, मध्येच सोडून गेलेल्यांच्याही, किमान वेतनापेक्षा जास्त असलेल्या कमाईवर ठरू लागले. २०२३ मध्ये त्या राज्याने कम्युनिटी कॉलेजांचे अनुदानही मुख्यतः परिणामांना बांधले. यात एक सरळपणा आहे आणि तो आम्हाला आवडतो. पण बालसंगोपनाचा अभ्यासक्रम या पट्टीवर ठेवून पाहा. अमेरिकेत लहान मुले सांभाळणाऱ्या, शिकवणाऱ्या बायकांचे वेतन सर्वांत तळच्या नोकऱ्यांत मोडते. अभ्यासक्रम कितीही चांगला असला, शिकवणारी कितीही तयारीची असली, तरी बाजार तिला जे देत नाही ते कॉलेजच्या खात्यावर नापास म्हणून चढते. इथे मोजला जातो तो समाजाचा कंजूषपणा, आणि शिक्षा होते शिक्षणाला. बालवाडीच्या शिक्षिकेचे मानधन ज्यांना ठाऊक आहे, त्या वाचकांना अधिक सांगायला नको.

आजची केंद्रीय पट्टी २०१८ च्या पाचव्या पर्किन्स कायद्याची आहे. बारावीनंतरच्या शिक्षणासाठी तिच्यात तीन मापे उरली: अभ्यासक्रम पूर्ण झाल्यानंतरच्या दुसऱ्या तिमाहीत विद्यार्थी पुढील शिक्षणात, सैन्यात, सेवाकार्यात किंवा नोकरीत आहे का, मान्य प्रमाणपत्र मिळाले का, आणि स्त्रियांसाठी वा पुरुषांसाठी रूढ नसलेल्या क्षेत्रात किती जण आले. नोकरी शिकलेल्या विषयातलीच हवी असे पहिले माप म्हणत नाही. वेल्डिंग शिकून दुकानात गल्ल्यावर बसला तरी चालते. आधीच्या कायद्यात तांत्रिक कौशल्य किती आले याचेही माप होते, ते गेले. हात किती तयार झाला हे मोजणे राज्याराज्यांत सारखे जमले नाही.

आणि छेद? या कायद्याप्रमाणे छेदात येण्यासाठी त्या अभ्यासक्रमाचे किमान बारा क्रेडिट मिळवलेले असावे लागतात, म्हणजे साधारण एका पूर्णवेळ सत्राचे काम. अभ्यासक्रमच त्याहून लहान असेल तर तो पूर्ण केलेला असावा लागतो. आपल्या वर्गाला ही पट्टी लावू. पदवीवाला, गोदीवाला आणि प्रमाणपत्राचे दोघे, असे चौघे छेदात आले. चारांपैकी तिघांना प्रमाणपत्र किंवा पदवी, म्हणजे ७५ टक्के. पूर्ण करणाऱ्या तिघांपैकी वेतनाच्या नोंदींत दोघे सापडले, म्हणजे ६७ टक्के. दुकानवाला फोनवर सापडला तर शंभर. हे निकाल ३३ टक्क्यांपेक्षा कितीतरी बरे दिसतात आणि काही अंशी खरेही आहेत.

पण यादीवरून एकदा बोट फिरवा. चार जुने वेल्डर नाहीत, ते बारा क्रेडिटांपर्यंत गेले नाहीत. मोर करणारी शिक्षिका नाही, तिचे काही बिघडले नाही. आणि पहिल्या सत्रात गणितात अडकून गेलेला तो मुलगा, दहांपैकी ज्याच्या बाबतीत कॉलेज खरोखर कमी पडले असा एकच, तोही नाही. बास्केटबॉलपटूंसाठी केलेल्या जुन्या पट्टीवर निदान तो छेदात होता.